अर्धा फेरा पुढे, पाव मागे

मी तिसरा टॅप बोलतोय. टॅप म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर नळ आला असेल, तर तो आधी बाजूला ठेवा. पाण्याशी माझा काही संबंध नाही. मी लोखंडात आटे पाडणारा टॅप. बरणीचं झाकण फिरवून लावताना त्याच्या आत ज्या गोल गोल चढत जाणाऱ्या कडा लागतात ना, ते आटे. लोखंडाच्या भोकात तसे आटे पाडले की त्यात बोल्ट घट्ट बसतो. हे काम आमच्या घराण्याकडे आहे.

आम्ही एका डबीत तिघं जन्माला येतो. पहिला नाकानं निमुळता, त्यामुळे कुठेही सहज शिरतो. दुसरा त्याच्या मागून जाऊन आटे खोल करतो. मी तिसरा, बसक्या नाकाचा. भोक आरपार असेल तर पहिलाच या टोकानं शिरून त्या टोकानं बाहेर पडतो आणि शाबासकी घेऊन डबीत येऊन झोपतो. पण भोकाला तळ असला की त्या दोघांचं निमुळतं नाक तळाला टेकतं आणि शेवटचे आटे राहून जातात. तेव्हा माझी आठवण होते. शाफ्टच्या, म्हणजे यंत्रातल्या फिरणाऱ्या दांड्याच्या, टोकाला जे भोक पाडतात त्याला नेहमीच तळ असतो, म्हणून शाफ्टनं मला जगवलं, असं म्हणायला हरकत नाही.

कारखान्यात मला लालभडक तापवून तेलात बुडवलं होतं. त्या एका बुडीत मी कायमचा कडक झालो. साधं लोखंड माझ्यापुढे लोण्यासारखं. पण कडक असण्याची एक अडचण असते, मला वाकता येत नाही. सळईवर ताण आला तर ती वाकते, कुणीतरी ठोकून तिला पुन्हा सरळ करतं. माझ्यावर ताण आला तर मी मोडतो. हे मी दुःखानं सांगत नाही. पोलादाचं असंच असतं.

हार्डवेअरच्या दुकानातून मला मिस्त्रींनी विकत आणलं. बाकीची गिऱ्हाईकं टॅपच्या धारेवर अंगठा फिरवून पाहतात. मिस्त्रींनी मला दोन बोटांत लोंबकळत धरलं, नखानं टिचकी मारली आणि कानाशी नेलं. मी 'टिंग' असा वाजलो. ते खूश झाले, दुकानदाराला म्हणाले, "हा चालेल." मला कुणी असं वाजवून पाहील याची मला कल्पना नव्हती, पण बरं वाटलं.

त्यांचं वर्कशॉप म्हणजे एक लांबट खोली. खिडकीपाशी लेथ, म्हणजे लोखंड गरगर फिरवून कापायचं यंत्र, भिंतीला लागून कामाचं टेबल, कोपऱ्यात घासायचा ग्राइंडर, आणि दारामागे हात पुसायच्या चिंध्यांचं पोतं. टेबलावर तेलाचा एक जुना पत्र्याचा डबा असे. लांब चोचीचा, बुड दाबलं की चोचीतून थेंब सोडणारा. बुड दाबलं की तो 'टुक' असं बोले. मिस्त्री त्याला दिवसातून शंभरदा दाबत, गरज नसतानाही. माणसं बोटं मोडतात, तशी त्यांची ती सवय.

काम करणारी माणसं दोनच, मिस्त्री आणि त्यांची लेक. लेथ लेकीच्या ताब्यात. ती इतकी वर्षं त्यावर उभी होती की डोळे मिटूनही हँडल हाताला लागावं. पण आटे पाडायचे ते मिस्त्रींनीच. तिथे ते तिला फिरकू देत नसत. ती कधी पुढे झालीच तर म्हणत, "तू मध्य काढ. पुढचं माझं."

मध्य काढणं म्हणजे काय, ते सांगतो. शाफ्ट लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, धरून फिरवला की त्याच्या टोकावरचं सगळं फिरतं, फक्त मधोमध एक ठिपका जागचा हलत नाही. भोक तिथेच पडायला हवं. केसाएवढं जरी सरकलं तरी पुढे बोल्ट वाकडा ओढतो, पुली म्हणजे पट्ट्याचं चाक डुगडुगतं आणि बेअरिंग बोंबलतं. म्हणून लेक आधी टोक सपाट करून घेई. मग एक बुटकं, जाड ड्रिल लावून मधोमध नुसती खळी पाडी. लांब ड्रिल एकदम लावलं तर ते टोकावर भरकटतं. बुटक्याला भरकटायला अंगच नसतं. एकदा खळी पडली की लांब ड्रिल मुकाट्यानं तिच्या मागून जातं.

मग लेथ थांबे आणि मिस्त्री पुढे येत. डबा 'टुक' करी, तेल पडे, आणि आधी पहिला, मग दुसरा, मग मी असे आम्ही हँडलला लागून आत जात असू. अर्धा फेरा पुढे, पाव मागे. पुन्हा अर्धा पुढे, पाव मागे. नवख्या माणसाला वाटतं, मागे कशाला यायचं, वेळ जातो. पण पुढे जाताना कापलेल्या लोखंडाचा कीस माझ्या अंगाला गुंडाळला जातो, आणि मागे आल्याशिवाय तो तुटत नाही. तरी तळाशी कीस साठतोच. तो फार साठला की माझा श्वास कोंडतो आणि मी कुरकुरतो. बारीक आवाज असतो तो, दुसऱ्या कुणाला कळायचाही नाही. मिस्त्रींना कळे. कुरकुर आली की ते जागच्या जागी थांबत, मला उलटं फिरवून बाहेर काढत, चिंधीनं पुसत, भोकात फुंकर मारत आणि मग पुन्हा आत सोडत. हातालाही ताण कळतो, नाही असं नाही. पण हाताला कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. कानाला आधी कळतं.

त्यांच्या कानाची ख्याती होती. पंखेवाले, पंपवाले, छापखानेवाले त्यांना बोलावून नेत. मिस्त्री यंत्राजवळ उभे राहत, मान तिरकी करत आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगत. सगळी वस्ती त्यांच्या कानावर विसंबून होती, आणि मीही.

पुढे काही गोष्टी माझ्या लक्षात येऊ लागल्या. मला लक्षात येऊन काय उपयोग, हा प्रश्न वेगळा. मिस्त्री आटे पाडताना पूर्वी ताठ उभे राहत, ते आता वाकू लागले. मग आणखी वाकू लागले. त्यांची टोपी शाफ्टला टेकायची बाकी राही. रेडिओ त्यांनी बंद करून टाकला, म्हणे त्यानं डोकं उठतं. गिऱ्हाईक काही सांगू लागलं की 'बरं बरं' म्हणत आणि वर 'वस्तूच दाखवा' असं सांगत. तेलाचा डबा मात्र ते पूर्वीपेक्षा जास्त दाबू लागले. दाबत आणि त्याच्याकडे बघत बसत.

दुपारी लेकीची आई जेवणाचा डबा घेऊन येई. ती पूर्वी येताना गप्पांचं गाठोडं घेऊन यायची. आता ती डबा टेबलावर आदळायची आणि लेकीशीच बोलायची. मिस्त्रींकडे पाठ करून म्हणायची, "विचार तुझ्या बाबांना, भाजीत मीठ बरं आहे का. मी विचारलं तर उत्तर द्यायची पद्धत राहिली नाही हल्ली." मिस्त्री खाली मान घालून जेवत असत. लेकीला वाटायचं, दोघांचं काहीतरी बिनसलंय. मोठ्यांच्या भांडणात कोण पडणार, म्हणून ती मूग गिळून बसायची.

मग तो शाफ्ट आला.

लॉन्ड्रीवाल्या ताई सकाळीच दारात उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे कपडे धुण्याची भली मोठी यंत्रं होती. त्यातल्या सगळ्यात मोठ्याचा शाफ्ट टोकाशी तुटला होता, आणि दवाखान्याच्या चादरींचे ढीग तसेच पडले होते. ताईंचा आवाज खणखणीत. दिवसभर यंत्रांच्या घरघरीत वावरून त्यांना हळू बोलता येईनासं झालं होतं. मिस्त्रींना त्यांच्याशी बोलायला आवडे. त्या दिवशीही ते अगदी खुलले, संध्याकाळी शाफ्ट न्या म्हणाले.

लेकीनं नवा शाफ्ट घडवला, बेअरिंगच्या जागा मापात आणल्या, टोकाला मध्य काढला आणि भोक पाडलं. या भोकात बोल्ट बसणार आणि तो पुलीला धरून ठेवणार. आता त्यात आटे पाडले की काम संपलं. तिनं लेथ थांबवला आणि वॉशर घासायला ग्राइंडरकडे गेली. मिस्त्री हँडल घेऊन आले.

पहिला गेला, आला. दुसरा गेला, आला. मग मी. शाफ्टचं लोखंड चिवट होतं, पण आजवर काय कमी चिवट लोखंडं पाहिली होती? अर्धा फेरा पुढे, पाव मागे. दुसऱ्यानं तळाशी बराच कीस टाकून ठेवला होता. मी त्यात जाऊन रुतलो आणि नेहमीप्रमाणे कुरकुरलो.

मिस्त्री थांबले नाहीत.

मी पुन्हा कुरकुरलो. मग करकरलो. ते इतके वाकले होते की त्यांचा श्वास माझ्या हँडलवर लागत होता. त्यांचा कान माझ्यापासून वितीवर होता. तिकडे लेकीनं ग्राइंडर बंद केला, आणि खोली शांत झाल्यावर माझा आवाज तिला त्या टोकाला ऐकू गेला. ती म्हणाली, "बाबा, थांबा." मग मोठ्यानं म्हणाली, "बाबा, थांबा." मिस्त्रींनी अर्धा फेरा पुढे घेतला आणि मी मोडलो.

मोडताना वेदना होते का, असं तुम्ही विचाराल. नाही होत. 'खट्' होतं आणि आपण दोन होतो. माझं नाक आणि धारेचा भाग भोकात राहिला. चौकोनी डोकं आणि दांडा हँडलमध्ये राहिला. आता तुमच्याशी बोलतोय तो हा वरचा.

मिस्त्रींनी आधी आपल्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "माल हलका यायला लागलाय हल्ली." हा माझ्यावरचा धडधडीत खोटा आळ होता.  लेक त्यांच्या पाठीमागे येऊन उभी राहिली. मिस्त्री चिंधीनं शाफ्टचं तोंड पुसत होते. ती नेहमीच्या आवाजात, अगदी शांतपणे म्हणाली, "बाबा, मी हा लेथ विकायला काढलाय."

मिस्त्री पुसत राहिले.

त्या लेथला परक्या माणसानं हात लावला तरी खोलीच्या दुसऱ्या टोकाहून वसकन ओरडणारा माणूस होता तो. लेकीचे डोळे भरून आले. तिनं ते बाहीनं पुसले आणि ती फिरून त्यांच्या समोर गेली.

"कधीपासून?" तिनं मोठ्यानं विचारलं.

"काय कधीपासून?" ते म्हणाले. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर त्यांनी चिंधी खाली ठेवली.  मग त्यांनी तेलाचा डबा उचलला आणि दाबला. डबा 'टुक' बोलला.

"आधी हा गेला," ते म्हणाले. "मला वाटलं, बुडाचा पत्रा सैल झाला असेल. नवा डबा आणला, तोही मुका निघाला. तेव्हा कळलं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"माझ्याकडे लोक कशासाठी येतात? हाताला काय, हात तुझेही आहेत, माझ्यापेक्षा चांगले आहेत. लोक येतात ते या कानासाठी. तोच गेला म्हटल्यावर मी इथे काय करायचं? दारात खुर्ची टाकून बसायचं?"

एवढं एका दमात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. लेकीनं काही उत्तर द्यायच्या आतच दारातून जेवणाचा डबा आला आणि नेहमीसारखा टेबलावर आदळला. लेक आईला म्हणाली, "आई, बाबांना ऐकू येत नाही. बऱ्याच दिवसांपासून."

आई तशीच उभी राहिली. मग पोत्यावरच बसली. "म्हणजे ऐकू येत नव्हतं?" ती म्हणाली. "मला वाटलं, माझा कंटाळा आलाय."

हे मिस्त्रींना ऐकू गेलं नाही. त्यांनी लेकीकडे पाहिलं. लेकीनं त्यांच्या कानाशी जाऊन ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. मिस्त्रींचा चेहरा असा झाला की मी एरवी लोखंड कापणारा, पण मलाही क्षणभर दुसरीकडे पाहावंसं वाटलं.

आई उठली, त्यांच्याजवळ गेली आणि कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाली, "मग आता सगळं पुन्हा सांगणार आहे मी."

"सगळं?" मिस्त्री म्हणाले.

"सगळं. आणि उत्तर द्यायचं."

जेवणं झाली. पण शाफ्टमध्ये माझं अर्धं अंग अडकून होतं, आणि ते ड्रिलनं निघण्यातलं नव्हतं. ड्रिलपेक्षा मी कडक. लेक म्हणाली, दुसरा शाफ्ट करायचा तर आज होणार नाही. मिस्त्रींनी बोटानं भोकाचं तोंड चाचपलं. टॅपच्या अंगावर लांबीनं खाचा असतात, कीस वर यावा म्हणून. त्यांनी कडक तारेचे तुकडे कापून त्या खाचांत घातले, वरून एका कडीत आवळले, आणि कडी लेकीच्या हाती दिली. मग तेल सोडलं. डबा 'टुक' म्हणाला. या वेळी तिघांनीही त्याच्याकडे पाहिलं.

"तू फिरव," मिस्त्री म्हणाले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. आटे पाडायच्या भोकापाशी त्यांनी तिला पहिल्यांदाच उभं केलं होतं.

तिनं कडी किंचित उलटी फिरवली, किंचित पुढे, पुन्हा उलटी. मिस्त्रींनी शाफ्टवर बोटांची टोकं टेकवली होती, वैद्य नाडीवर ठेवतो तशी. जरा वेळानं ते म्हणाले, "थांब. अडलं." तिनंही तोच आवाज ऐकला होता. ती थांबली, तेल घातलं, पुन्हा फिरवलं. असं करता करता माझं हरवलेलं अंग तेलात माखून वर आलं. मिस्त्रींनी ते भंगाराच्या डब्यात टाकलं. त्याच्याबद्दल मला फारसं काही वाटलं नाही. ते आता माझं नव्हतं.

शेवटचे आटे राहिलेच होते, आणि तिसरा टॅप तर शिल्लक नव्हता. मग दुसऱ्या भावाला ग्राइंडरवर नेऊन त्याचं नाक घासून बसकं केलं. त्याला त्याच्या नाकाचा फार अभिमान होता, असो. हँडल मिस्त्रींनी लेकीपुढे धरलं. तिनं ते त्यांच्याच हातात परत दिलं आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मागे उभी राहिली. अर्धा फेरा पुढे, पाव मागे. भावानं कुरकुर केली की ती खांदा दाबायची. दाबला की मिस्त्री थांबायचे, टॅप बाहेर काढायचे, फुंकर मारायचे. तळ लागेपर्यंत दोघांत एक शब्द झाला नाही. मग तिनं बोल्ट घातला. तो बोटांनीच फिरत फिरत सरळ तळापर्यंत गेला.

संध्याकाळी लॉन्ड्रीवाल्या ताई आल्या. पुली बसवून शाफ्ट तयार होता, कुणाला काही सांगायची गरज नव्हती.  पण मिस्त्री स्वतःहून म्हणाले, "ताई, मला कमी ऐकू येतं. इथून पुढे हातानं तपासून, लेकीला विचारून काम करणार. चालत असेल तर या."

ताई म्हणाल्या, "मग माझं कसं ऐकू येतं?"

"तुम्ही बोलता कुठे? तुम्ही ओरडता."

ताई इतक्या हसल्या की लेथवरचा कीस हलला. जाताना त्यांनी पुलीची कड हातानं तपासली, ती डुगडुगत नव्हती. दुसरं यंत्रही तपासायला या म्हणाल्या, दोघंही या.

माझं काय करायचं हा प्रश्न उरला. मोडक्या टॅपची जागा भंगारात असते, आणि मी त्या तयारीत होतो. पण लेकीनं मला उचललं, मोडलेली कड घासून गुळगुळीत केली आणि एका लांब सळईच्या टोकाला पितळेनं जोडून टाकलं. यंत्रातलं दुखणं शोधायला मिस्त्री लोक स्क्रूड्रायव्हरचं एक टोक बेअरिंगवर आणि दुसरं कानाच्या हाडाला लावतात, तसलं ते काहीतरी. दरम्यान डॉक्टरांनी मिस्त्रींना कानाचं यंत्र दिलं होतं. घरी ते लावतात, बायकोची थकबाकी ऐकण्यासाठी. इथे वर्कशॉपमध्ये मात्र ते म्हणतात की त्यात सगळं भांडं पडल्यासारखं वाजतं.

सळई तयार झाली तेव्हा लेकीनं ती त्यांच्या हाती दिली. त्यांनी मला बेअरिंगवर टेकवलं नाही. लेथही लावला नाही. त्यांनी तेलाचा डबा टेबलावर आडवा ठेवला, माझं टोक त्याच्या पत्र्याला लावलं, सळईचं दुसरं टोक कानामागच्या हाडावर दाबलं, आणि मोकळ्या हाताच्या अंगठ्यानं डब्याचं बुड दाबलं.

'टुक' माझ्यातून गेलं. ते पलीकडे पोचलं की नाही, हे मला कळायला मार्ग नव्हता. मिस्त्री हलले नाहीत. मग त्यांनी पुन्हा दाबलं. मग पुन्हा. चोचीतून तेलाची धार टेबलावरून खाली ओघळू लागली.

"बाबा, तेल सांडतंय," लेक मोठ्यानं म्हणाली.

"सांडू दे," मिस्त्री म्हणाले. आणि अजून एकदा दाबलं.

हल्ली मी खिळ्याला टांगलेला असतो. आटे पाडणं संपलं, त्याचं मला दुःख नाही. पूर्वी मी स्वतःची कुरकुर करायचो, आता दुसऱ्यांची पोचवतो. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. तळ जवळ आला की कुणीतरी कुरकुरतंच. ऐकू आलं तर थांबा. आणि ऐकू येत नसेल, तर तसं शेजारच्या माणसाला सांगून टाका. तो खांद्यावर हात ठेवेल. बरं, मिस्त्रींनी टोपी घातली आहे, म्हणजे कुठलंतरी यंत्र तपासायला निघायचं आहे. येतो मी.